३२ बोअरचं छोटं पिस्तूल, तीन वर्षं वापरून : रेंजवर कसं, घरात कसं

आधीच सांगून ठेवतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. दोन-तीन तक्रारी आहेत, दुकानदार ओळखीचा आहे आणि मला उगाच कुणाशी वाद नकोय. देशी बनावटीचं आहे, ३२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), सेमी ऑटो म्हणजे एक गोळी झाडली की पुढची आपोआप चढते, कॉम्पॅक्ट म्हणजे नळी साडेतीन इंचाच्याही आतली, मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीत, आठ राऊंड, रिकामं असताना वजन साधारण साडेसहाशे ग्रॅम. या साईजची सगळी ३२ बोअरची पिस्तुलं थोड्याफार फरकाने सारखीच वागतात, त्यामुळे नावावाचून काही अडणार नाही.

आमचा मळा निफाड तालुक्यात, घर गावापासून दोन किलोमीटर आत, आजूबाजूला द्राक्षाच्या बागा आणि ऊस. सीझनला मजुरांच्या पेमेंटची रोकड घरात असते, केबल चोरी तर दरवर्षीची, म्हणून लायसन्सला अर्ज केला. ग्रामीण असल्यामुळे आमचा अर्ज कलेक्टर ऑफिसला, नाशिक शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे. पोलीस व्हेरिफिकेशन, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, परत चौकशी, असं करत मला चौदा महिने लागले. आणि लोक सगळ्यात आधी काय विचारतात तर, काय भो, बिबट्यासाठी घेतलं का! अरे बाबांनो, बिबट्या शेड्यूल एकमधला प्राणी आहे, त्याच्यावर गोळी झाडली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपणच आत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ३२ च्या गोळीने बिबट्या मरायचा नाही, चवताळेल फक्त. बिबट्यासाठी घुंगराची काठी, बॅटरी आणि मोठ्याने बोलत चालणं, एवढंच. तो विषय इथं संपला.

३२ च का, तर आपल्याकडे साध्या माणसाला ९ एमएम मिळत नाही, ते प्रोहिबिटेड बोअरमध्ये येतं. मग पिस्तूल घ्यायचं म्हटलं की फिरून फिरून गाडी ३२ वरच येते. हे काडतूस जॉन ब्राउनिंगने १८९९ साली काढलेलं, म्हणजे सव्वाशे वर्षं झाली. गोळी ७१ ग्रेनची, साडेचार ग्रॅमच्या आसपास, आणि पूर्ण लांबीच्या नळीतून सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या जवळपास निघते. हिशोब मांडला तर पावणेदोनशे ज्यूल एनर्जी होते. ९ एमएमची याच्या अडीच-पावणेतीन पट असते. लायसन्स न लागणारी एअरगन वीस ज्यूलच्या आतली असते, त्या मानाने हे नऊपट. म्हणजे खेळणं नाही हे नक्की, पण लोकांना वाटतं तसं एका गोळीत माणूस भिंतीवर आपटेल असलंही काही नाही. ते पिक्चरमध्ये.

आता मुख्य गोष्ट, चालवायला कसंय. मला वाटलं होतं एवढीशी गोळी आहे तर झटका काहीच नसणार. उलट निघालं. या पिस्तुलात नळी फ्रेमला घट्ट बसवलेली असते आणि स्लाईडला, म्हणजे नळीवरच्या मागंपुढं सरकणाऱ्या भागाला, मागं जाण्यापासून अडवायला कुठलं लॉक नसतं, नुसतं स्लाईडचं वजन आणि एक जबर स्प्रिंग. याला ब्लोबॅक म्हणतात. गोळी सुटली की तोच दाब स्लाईडला मागं ढकलतो आणि सगळा धक्का सरळ तळहातात येतो, तीक्ष्ण, कुणीतरी पट्टीने फटका मारल्यासारखा. मामा तोफखान्यातून रिटायर झालेला, देवळालीलाच असतो, त्याने पहिल्या दिवशी माझी पकड बघितली आणि म्हणाला, "भाच्या, हात खाली घे नायतर सालपट काढंल ते." मी कसला ऐकतोय. तिसऱ्या राऊंडला अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीवरून स्लाईड घासत गेली, दोन समांतर रेघा, मामा काही बोलला नाही, नुसता हसला. छोट्या पिस्तुलाची मूठ छोटी असते, हात वर सरकतो आणि करंगळीला धरायला जागाच राहत नाही. माझी करंगळी तर हवेतच लोंबकळते. एका मॅगझिनच्या बुडाला प्लास्टिकचं ओठासारखं पुढं आलंय, ते लावलं की बरं पडतं, पण मग खिशात टोचतं.

खरी गोम इथेच आहे आणि दुकानात कुणी सांगत नाही. लपवायला आणि वागवायला जेवढं सोपं तेवढं चालवायला अवघड. काउंटरवर हातात घेतल्यावर छोटंच गोड वाटतं, वा काय बसतंय हातात, आणि रेंजवर पन्नास राऊंड टाकल्यावर ते मोठं आणि जड असायला हवं होतं असं वाटायला लागतं. वजन असलं की झटका कमी, नळी लांब असली की पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये (नेम धरायच्या खुणांमध्ये) अंतर जास्त आणि नेमातली चूक लगेच दिसते. माझ्या पिस्तुलावर दोन्ही साईटमध्ये चार बोटांचं अंतर आहे, पुढची साईट मिलीमीटरभर हलली की पंधरा मीटरवर गोळी वीतभर लांब.

वर दोन्ही साईट काळ्या आणि टार्गेटपण काळं. काहीच दिसत नव्हतं. शेवटी वेलींना खूण करायचा पांढरा ऑइल पेंट असतो ना, तो काडीने पुढच्या साईटवर टिपकला. बिनखर्चाची सुधारणा आणि सगळ्यात कामाची हीच ठरली.

ट्रिगरचं सांगतो. सिंगल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे ट्रिगर फक्त आधीच मागं ओढलेला घोडा सोडतो, घोडा बाहेरून दिसतो, डाव्या अंगाला अंगठ्याची सेफ्टी. कंपनीच्या कागदावर ट्रिगर किती वजनाला सुटतो ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून आधी पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघितलं आणि पेटी तोलायचा लटकता काटा ट्रिगरला अडकवून ओढला. साडेतीन किलो, कधी कधी पावणेचार. पंचवीस मीटरच्या स्पर्धेच्या पिस्तुलाला कमीत कमी एक किलो असावं लागतं, म्हणजे तिथले शूटर सव्वा-दीड किलोवर खेळत असतील आणि आपण साडेतीन ओढतोय. वर मधे एक खरखर आहे, वाळूतून बोट फिरवल्यासारखी. दीडशे राऊंडनंतर थोडी मऊ झाली, गेली नाही. आत पॉलिश कर, स्प्रिंग काप, असले उद्योग सांगणारे लोक भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. हत्यारात घरी बदल करणं कायद्यातही बसत नाही आणि ट्रिगर हलका करायला गेलेल्या माणसाचं पिस्तूल टेबलावर ठेवता ठेवता सुटू शकतं.

नेम. मी वही ठेवलीये, आजपर्यंत ३४० राऊंड झाले. सात मीटरवर आठच्या आठ गोळ्या पुरीएवढ्या जागेत पडतात, माझ्यासारख्या मध्यम माणसाच्या हातून. पंधरा मीटरवर जेवणाच्या ताटाएवढा पसारा होतो. पंचवीसवर माझ्या आठातल्या तीन कागदावरच नसतात, बाकीच्या कुठंही. त्या अंतरावर टार्गेटचा दहाचा गोल पाच सेंटीमीटरचा असतो हे आठवलं की आपोआप नम्र होतो माणूस. पण मग मामाने तेच पिस्तूल, त्याच गोळ्या घेऊन पंचवीसवर आठही कागदावर घातल्या, त्यातल्या पाच मधल्या काळ्या गोलात. वय ६३, चष्मा. तेव्हा पिस्तुलाला शिव्या द्यायचं मी बंद केलं.

तसंही हे जवळचंच हत्यार. नाशिकच्या माणसाला ब्राउनिंग म्हटलं की जॅक्सन आठवतो, २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, कलेक्टर नाटक बघायला आलेला आणि अनंत कान्हेरेंनी त्याला समोरून गोळ्या घातल्या, लंडनहून सावरकरांनी धाडलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने. शाळेत धडा सगळ्यांनी वाचलाय, पण पिस्तूल हातात घेतल्यावर मला त्यातलं अंतर कळलं. थिएटरच्या दाराशी, काही पावलांवर. एवढ्याशा पिस्तुलाचं काम तेवढ्याच अंतरात आहे, त्याच्या पुढचं सगळं सराव आणि नशीब.

आता जॅम. पहिल्या शंभर राऊंडमध्ये नऊ वेळा अडकलं. नऊ! त्यातले बरेचसे एकाच मॅगझिनमुळे, त्याचे वरचे ओठ एका बाजूला जरा जास्त उघडे होते, गोळी तिरकी वर यायची. दुकानदाराकडे तीन चकरा मारल्या, बदलून मिळायला सात महिने लागले. उरलेले जॅम काडतुसाच्या जातीमुळे. ३२ च्या काडतुसाची मागची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते, मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसली की दोघं एकमेकांत अडकतात आणि पुढं काही सरकत नाही. याला रिमलॉक म्हणतात आणि ते नुसतं स्लाईड ओढून सुटत नाही, मॅगझिन काढून खालून काहीतरी घालून उकरावं लागतं. उपाय साधा आहे, भरताना प्रत्येक काडतूस आधीच्याच्या पुढं ठेवून मागं सरकवायचं आणि भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा आपटायची. मॅगझिन बदललं, भरायची पद्धत बदलली, त्यानंतरच्या २४० राऊंडमध्ये तीन जॅम. ठीक आहे. पण ज्या वस्तूवर रात्री भरवसा ठेवायचाय तिच्यासाठी ठीक आहे हा शब्द मला खटकतो.

गोळ्या हा वेगळाच विषय. माझ्या लायसन्सवर एका वेळी पन्नास ठेवायची परवानगी आहे. मला मिळतात त्यांच्या बुडावर के.एफ. असतं, म्हणजे आपल्या खडकीच्या फॅक्टरीच्या. महाग आहेत आणि कधी दोन दोन महिने दुकानात नसतात, मग रेंजचा बेत रद्द. मौजेसाठी शूटिंग करायचं म्हणून कुणी ३२ घेत असेल तर त्याने हा हिशोब आधी मांडावा, कारण एका रविवारी पन्नास राऊंड टाकले की बाईकचा हप्ता गेला. वर रेंजपण शोधावी लागते. एअर पिस्तुलाच्या दहा मीटरच्या रेंज नाशकात आहेत, चांगल्या आहेत, मोनाली गोऱ्हेंसारख्या कोच याच शहराच्या, त्या २०२१ ला कोविडच्या काळात गेल्या. पण खऱ्या गोळीचं पिस्तूल चालवू देणारी जागा मिळवायला ओळख आणि लेखी परवानगी दोन्ही लागतं. आणि स्वतःच्या मळ्यात, कुणी बघत नाही म्हणून, झाडायचं नाही. गोळी द्राक्षाच्या पानाला थांबत नाही, पलीकडे कुणाचे तरी मजूर असतात. लग्नात हवेत झाडणाऱ्यांना तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते अगदी बरोबर आहे.

म्हणून मौज पाहिजे असेल तर माझं स्पष्ट मत, एअर पिस्तूल घ्या. १७७ बोअर, वीस ज्यूलच्या आतलं असलं की लायसन्स लागत नाही, छऱ्यांचा डबा चहाच्या पैशात येतो आणि हात तोच तयार होतो. मी स्वतः आठवड्यातून तीन दिवस घरात ड्राय फायर करतो, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबायचा सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, रिकामा बघायचा, मग स्लाईडवर पुढं एक रुपयाचं नाणं ठेवून ट्रिगर दाबायचा, नाणं पडलं नाही तर दाब सरळ गेला. पहिल्या महिन्यात नाणं पडायच्या आवाजाने आई वैतागली होती, म्हणायची, "पैशे मोजतोस का काय रे रात्रीचे?" यातून माझा पंधरा मीटरचा पसारा जेवढा कमी झाला तेवढा गोळ्या जाळून झाला नाही.

आता घराच्या रक्षणाचं, ज्यासाठी मुळात घेतलं.

घरात दोन पोरं आहेत. त्यामुळे पिस्तूल लोखंडी पेटीत, चेंबर रिकामा, मॅगझिन दुसऱ्या कप्प्यात, दोन किल्ल्या. याच्यात तडजोड नाही, बायकोने अट घातली होती आणि तिचंच बरोबर होतं. आता गेल्या वर्षीच्या जानेवारीतली रात्र ऐका. निफाडची थंडी माहितीच आहे, पारा चार-पाचावर. दोनच्या सुमाराला कुत्री भुंकायला लागली, विहिरीकडं बॅटरीचा उजेड हलला. मी उठलो, पेटी उघडली, बोटं गारठून लाकूड झालेली, दुसरी किल्ली भोकातच जाईना. कसंबसं मॅगझिन बसवलं आणि तेव्हा लक्षात आलं की एका हातात टॉर्च आहे आणि पहिली गोळी चढवायला स्लाईड ओढावी लागते, त्याला दोन हात लागतात, आणि ब्लोबॅकची ती जबर स्प्रिंग थंड हाताने ओढायची म्हणजे अंगठा घसरतो. टॉर्च बगलेत धरली, मग उजेड जमिनीवर. असला सगळा तमाशा चालू असताना बायकोने शांतपणे जाऊन बाहेरच्या चारही हॅलोजनचं बटण दाबलं. विहिरीवरचे दोघं केबल टाकून उसात पळाले. "अहो, ठेवा ते आत," एवढंच म्हणाली.

आणि समजा मी तयार असतो तरी काय करणार होतो? पळणाऱ्या केबल चोराच्या पाठीत गोळी घालता येत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आधी आयपीसीत होता, पण बळ वापरायचं ते गरजेपुरतंच, आणि ती गरज होती की नाही हे नंतर कोर्ट ठरवणार, रात्री दोनला गारठलेला मी नाही. शिवाय बंद खोलीत हे झाडलं तर कान महिनाभर शिट्ट्या मारतील. रेंजवर कानाला मफ न लावता मी एकच राऊंड टाकला होता, चुकून, संध्याकाळपर्यंत बायको काय बोलतेय ते कळत नव्हतं.

बायकोलाही शिकवलं, म्हणजे रेंजवर मामाच्या देखरेखीखाली. तिला पिस्तूल लांब हाताने धरून स्लाईड ओढताच येईना, मग मामाने युक्ती दाखवली, पिस्तूल छातीजवळ घे, नळी समोरच ठेव, स्लाईड मुठीत घट्ट पकड आणि उलट दुसऱ्या हाताने पिस्तुलाची मूठ पुढं ढकल. जमलं. पण दहा राऊंडनंतर म्हणाली पुरे, हात दुखतोय. तिला मामाच्या मित्राचं ३२ चं रिव्हॉल्व्हर जास्त आवडलं, ओढायचं काही नाही, अडकायचं काही नाही, सहा गोळ्या तर सहा. खरं सांगायचं तर फक्त घरात ठेवायला म्हणून कुणी मला आज विचारलं तर मीही रिव्हॉल्व्हरच सांगीन, जाडजूड दिसतं म्हणून मी तेव्हा नको म्हणालो होतो.

देखभाल सोपी आहे. स्लाईड काढायला पाच सेकंद, नळी जागेवरच राहते, पुढून चिंधी ओढायची, तेलाचे चार थेंब. मामाची पद्धत म्हणजे झाडलं त्याच दिवशी साफ, चहाच्या आधी. पावसाळ्यात मात्र लक्ष ठेवा. पहिल्या जुलैत मी ते चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवून दिलं, चामडं ओल धरतं, सप्टेंबरला काढलं तर मुठीजवळ तांबूस ठिपके आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवट. आता होल्स्टर वेगळं, पिस्तूल तेलकट फडक्यात, पेटीत सिलिकाच्या चार पुड्या. काळं पॉलिश तसंही फार टिकाऊ नाहीये, कडा पांढऱ्या पडल्यात.

२०२४ ला तर लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांच्या आचारसंहितेत पिस्तूल जमा करायची नोटीस आली. दुसऱ्या वेळेला परत मिळालं तेव्हा स्लाईडवर बोटांचे गंजलेले ठसे होते, कुणाचे ते देव जाणे. जमा करताना तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्या, पावतीवर नंबर, मॅगझिन किती, काडतुसं किती सगळं लिहून घ्या. मी पहिल्या वेळेस मॅगझिनची संख्या लिहून घेतली नव्हती आणि पाऊण तास उभा होतो.

किमतीचं, मी २०२२ ला घेतलं तेव्हा जीएसटी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर ४० टक्के झालाय. लाखाच्या वरच्या वस्तूला बारा टक्के जास्त म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

मार्क द्यायचे तर रेंजवर दहापैकी पाच, आणि त्यातले दोन पांढऱ्या ऑइल पेंटचे. वागवायला आठ. घरातल्या भरवशाला चार, मॅगझिन बदलायच्या आधी दोन दिले असते. विकणार का, असं दोघांनी विचारलं, नाही विकणार, एवढ्या चौदा महिन्यांच्या चकरा परत कोण मारेल. विहिरीवर आता अजून दोन हॅलोजन लावलेत आणि तिसरं कुत्रं आणलंय, स्प्रिंगचा स्पेअर सांगून ठेवलाय त्याला पाच महिने झाले, दुकानदार म्हणतो पुढच्या आठवड्यात.